काळ्या मातीसारखी भेगाळते बॅटरी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात बॅटरीचेच प्रश्न इतके आले की बाकी सगळे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. त्यातले सात घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत म्हणून तेवढं मात्र नीट वाचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी सेल टेस्टिंगचं काम करते, म्हणजे सेल चार्ज करायचे, डिस्चार्ज करायचे, परत चार्ज करायचे (एकदा चार्ज आणि एकदा डिस्चार्ज झाला की एक सायकल), असं महिनोन् महिने, आणि सेल थकला की आर्गॉन वायू भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत, तो उघडून आत नेमकं काय बिघडलं ते बघायचं.

प्रश्न : ताई नमस्कार. २०२१ ला इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, तेव्हा एका चार्जला ८५ किलोमीटर आरामात जायची, आता ६० ला मान टाकते. रोज रात्री फुल चार्जिंगला लावतो, सकाळी दुकानावर जातो, दिवसभर गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो बॅटरीच्या सायकल संपत आल्या, तुम्ही फार चार्ज केली. माझा प्रश्न एवढाच की बॅटरीत पिस्टन नाही, बेअरिंग नाही, घासणारं काहीच नाही, मग नुसतं चार्ज करून ती झिजते कशी? आणि गाडी चालवायची तर चार्ज करावीच लागणार ना, मग माझं चुकलं कुठे?
– एक वाचक, यवतमाळ

उत्तर : दादा, सर्व्हिस सेंटरवाला अर्धंच बरोबर बोलला आणि उरलेल्या अर्ध्याचा दोष विनाकारण तुमच्या माथी मारला, ते वाचून वाईट वाटलं म्हणून तुमचंच पत्र पहिलं घेतलं.

घासणारं काही नाही हे खरं, पण हलणारं आहे. सेलच्या आत दोन पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात, एक तांब्याची, तिच्यावर ग्राफाइटचा लेप, तो ॲनोड, दुसरी ॲल्युमिनियमची, तिच्यावर कॅथोडचा लेप, आणि दोघींच्या मध्ये बारीक छिद्रांचा प्लास्टिकचा पडदा आणि इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव. नवाकोरा सेल बनतो तेव्हा त्यातलं जवळपास सगळं कामाचं लिथियम कॅथोडमध्येच असतं. चार्ज करणं म्हणजे ते लिथियम कॅथोडमधून जबरदस्तीने ओढून ग्राफाइटमध्ये नेऊन बसवणं, आणि गाडी चालवताना ते आपणहून घरी परत येतं, त्या परतीच्या प्रवासाची वीज तुमची मोटर वापरते. त्या वेळच्या बऱ्याच स्कूटरमध्ये एनएमसी जातीचा कॅथोड होता, म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्ट आणि ऑक्सिजन यांचा, तुमच्याही गाडीत तोच असणार असं धरून पुढे लिहिते.

आता तुमच्याकडची काळी माती डोळ्यासमोर आणा. पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाया कच्चा असेल तर घराच्या भिंतीला तडे जातात. असं का होतं, तर त्या मातीतलं मुख्य खनिज पदरापदराचं असतं, दोन पदरांच्या मध्ये पाणी शिरलं की पदर लांब जातात, पाणी उडालं की जवळ येतात. कॅथोडही असाच पदरांचा असतो, आणि हे मी नुसती उपमा म्हणून सांगत नाहीये, आत घडतं ते खरंच त्याच जातीचं आहे. धातू आणि ऑक्सिजनचा एक पदर, मग लिथियमचा एक, परत धातू-ऑक्सिजनचा, अशी उतरंड. मातीत पाणी ये-जा करतं, इथे लिथियम.

फरक एवढाच की कॅथोडमध्ये लिथियम निघायला लागलं की पदर आधी जवळ येत नाहीत, उलट जरा लांब जातात, कारण समोरासमोरच्या पदरांच्या तोंडाशी ऑक्सिजन असतो, ते ऋणभाराचे ऑक्सिजन एकमेकांना ढकलतात आणि त्यांना सांभाळून घेणारं मधलं लिथियमच निघून गेलेलं असतं. हे हळूहळू ताणणं कॅथोड सहन करतो. खरी गडबड शेवटच्या टप्प्यात होते. निकेल जास्त असलेल्या कॅथोडमध्ये सेल ४.२ व्होल्टच्या जवळ आला, साधारण तीन चतुर्थांश लिथियम बाहेर पडलं, की तेच पदर अचानक खाली बसतात. म्हणजे ९ तासांचं काम शांतपणे झालं आणि शेवटच्या तासाभरात सगळा पाया खचला असं काहीतरी. आणि रात्री फुल चार्ज केलं की हे दर रात्री होणार.

एवढ्याने काय बिघडलं असं वाटेल, खचलं तर खचलं, लिथियम आत आलं की परत वर येईल, आणि येतंही. पण कॅथोडची पूड म्हणजे एकसंध खडे नसतात. साधारण १० मायक्रॉनचा एक गोळा असतो, आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो म्हणजे केसाच्या सातव्या हिश्श्याएवढा, आणि तो गोळा त्याहून कितीतरी बारीक शेकडो कणांचा मिळून वळलेला असतो, रव्याच्या लाडवासारखा. प्रत्येक कणाच्या पदरांची दिशा वेगळी, एक उभा आकसतो, शेजारचा आडवा, तिसरा तिरका, मग त्यांच्या सांध्यांवर ताण येतो आणि सांधे सुटतात. शंभर वेळा, पाचशे वेळा हे झालं की लाडू आतून भेगाळतो. थकलेल्या कॅथोडचा आडवा छेद घेऊन मी पहिल्यांदा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितला तेव्हा मला थेट मामाचं परभणीकडचं शेत दिसलं, मे महिन्यातलं, अगदी त्याच आकाराच्या भेगा, फक्त लाखो पटीने लहान.

शेतातल्या भेगांत वळवाचं पाणी घुसतं तसा या भेगांत इलेक्ट्रोलाइट घुसतो, आणि इथून दुसरं दुखणं सुरू होतं, माझ्या मते जास्त वाईट. पूर्ण चार्ज झालेल्या कॅथोडमधलं निकेल फार अस्वस्थ असतं, त्याच्याकडचे इलेक्ट्रॉन काढून घेतलेले असतात आणि ते कुठूनही परत मिळवायला बघतं. समोर इलेक्ट्रोलाइट आला की त्याच्याकडून ओरबाडतं, इलेक्ट्रोलाइट सडतो, पृष्ठभागावरचा थोडा ऑक्सिजन निघून जातो आणि निकेल शांत होऊन खालच्या स्थितीला येतं. आता नेमकं दुर्दैव असं की या शांत झालेल्या निकेलचा आकार लिथियमच्या जवळपास सारखा आहे, निकेलची त्रिज्या ०.६९ अँगस्ट्रॉम आणि लिथियमची ०.७६, त्यामुळे लिथियमच्या रिकाम्या जागेत ते सरकून बसतं, आणि एकदा बसलं की उठत नाही. असं करत करत कणाच्या कातडीची पदरांची रचनाच मोडते आणि तिथे आपल्या खायच्या मिठासारखी ठोकळेबाज रचना तयार होते, जिच्यातून लिथियमला जायला वाट नाही. ही कातडी जेमतेम काही नॅनोमीटर जाड असते, पण आतल्या प्रत्येक लिथियमला बाहेर पडायचं तर तिच्यातूनच जावं लागतं, त्यामुळे आत माल शिल्लक असूनही बॅटरी तो देऊ शकत नाही, चढावर गाडी दम टाकते ते बऱ्याचदा याचमुळे.

हे सगळं उष्णतेने वेग घेतं. ढोबळ हिशोब असा धरतात की १० अंश तापमान वाढलं की असल्या रासायनिक क्रियांचा वेग दीडपट ते दुप्पट होतो. तुमची गाडी सकाळी फुल भरलेली, दुकान जवळ असेल तर जेमतेम १० टक्के उतरलेली, आणि मग दिवसभर यवतमाळच्या पत्र्याखाली. म्हणजे निकेल सगळ्यात अस्वस्थ आणि हवा सगळ्यात तापलेली, दोन्ही एकाच वेळी, रोज आठ तास. म्हणून मी म्हणते की दोष तुम्ही किती वेळा चार्ज केलं त्याचा नाही. निम्म्यावरून ८० पर्यंत रोज चार्ज केली असती तर चार्जिंगची संख्या तीच राहिली असती आणि झीज बरीच कमी झाली असती. आणि हे गाडी विकताना कुणी तुम्हाला सांगितलं नाही, त्यात तुमचं काय चुकलं?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी की गेलेल्या २५ किलोमीटरचा सगळा हिशोब कॅथोडच्या खात्यात टाकता येत नाही. ग्राफाइटच्या बाजूला एक पापुद्रा तयार होतो, तो गरजेचाही असतो, पण तो हळूहळू जाड होत लिथियम खात राहतो आणि ते लिथियम कायमचं जातं. बऱ्याच सेलमध्ये सुरुवातीच्या वर्षांतलं मोठं नुकसान हेच असतं. पण या पापुद्र्यालाही भरलेली बॅटरी आणि उष्णता याच दोन गोष्टी वाढवतात, त्यामुळे उपाय बदलत नाही. चार्जरला साधा टायमर लावा म्हणजे चार्जिंग पहाटे संपेल, रोजच्याला ८० टक्क्यांवर थांबवा, लांब जायचं असेल त्या दिवशी बिनधास्त फुल करा, आणि शेडच्या पत्र्यावर पाचट किंवा गोणपाट टाकता आलं तर जरूर टाका.

प्रश्न : आमच्या चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४६ च्या वर जातो. शोरूमवाले म्हणाले की पॅक ५५ डिग्रीपर्यंत सेफ आहे, काळजी करू नका. विश्वास ठेवावा का?
– एक वाचिका, चंद्रपूर

उत्तर : सेफ आहे म्हणजे पेटणार नाही. म्हातारा होणार नाही असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही, आणि हा फरक ग्राहकाला कळलाच पाहिजे असं मला फार वाटतं.

यावर घडलेली गोष्ट आहे. निसान लीफ ही इलेक्ट्रिक कार २०१० च्या शेवटी बाजारात आली, तिच्या कॅथोडमध्ये मँगनीजचा भरणा होता आणि पॅक थंड ठेवायला वेगळी यंत्रणा नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या, म्हणजे वाळवंटी फिनिक्सकडच्या मालकांनी तक्रारी सुरू केल्या की वर्ष-दोन वर्षांतच रेंज घसरली. थंड राज्यांत त्याच गाड्या ठणठणीत. शेवटी त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कंपनीने बॅटरीच्या क्षमतेची वॉरंटी जाहीर केली, ५ वर्षं किंवा ६०,००० मैल, आणि पुढे उष्ण हवेला टिकेल असं नवीन रसायन आणलं.

मँगनीजचं दुखणं निकेलपेक्षा वेगळं आहे. ते विरघळतं. इलेक्ट्रोलाइटमध्ये जे लिथियमचं मीठ असतं त्यात फ्लोरिन असतो, सेलमध्ये पाण्याचा अगदी अंश जरी राहिला तरी त्यातून हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं, आणि ते मँगनीजला कॅथोडमधून सोडवून द्रवात आणतं. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण ते मँगनीज पडदा ओलांडून ग्राफाइटवर जाऊन बसतं आणि तिथला तो पापुद्रा बिघडवतं, मग पापुद्रा आणखी लिथियम खातो. रोग एका घरात आणि माणूस गेला शेजारच्या घरातला. पन्नास-पंचावन्न अंशाला हे विरघळणं नुसतं वाढत नाही, धावायला लागतं.

तेव्हा चंद्रपुरात गाडी घ्यायची तर रेंज आणि रंगाच्या आधी दोन प्रश्न विचारा, कॅथोड कुठला आहे, आणि पॅक थंड ठेवायला द्रवाची सोय आहे की नुसती हवा. सेल्समन उत्तर देऊ शकला नाही तर मॅनेजरला विचारा, लाजू नका, लाखभर रुपये तुमचे जातायत.

प्रश्न : घरून काम करतो, लॅपटॉप तीन वर्षं चोवीस तास चार्जरवर. आता ट्रॅकपॅड वर उचललाय आणि खालचं झाकण फुगलंय. बॅटरी वापरलीच नाही म्हणजे नवीनच असायला हवी ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मग उरलेलं वाचा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, सुरीने उचकटू नका, रिपेअरवाल्याकडे न्या.

वापरली नाही हे तुम्हाला वाटतं. लॅपटॉप आणि फोनमध्ये बहुतेक लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड असतो, हा या कुळातला थोरला, १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि कोइची मिझुशिमा यांनी दाखवला आणि १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीत तोच होता. कागदावर याची क्षमता ग्रॅममागे २७४ मिलीॲम्पिअर-तास, पण सुरुवातीच्या काळात वापरायचे जेमतेम १४०, म्हणजे निम्मंच लिथियम बाहेर काढायचे, कारण त्याच्या पुढे गेलं की रचना डळमळते. मधल्या तीस वर्षांत लेप आणि मिश्रणं सुधारत कंपन्यांनी व्होल्टेज ४.२ वरून ४.४ आणि त्याच्याही वर नेलं, म्हणजे तीच बॅटरी जास्त तास चालते पण ती कड्याच्या जास्त जवळ उभी असते. तुमची बॅटरी तीन वर्षं त्या कड्यावर उभी होती, शिवाय खालून प्रोसेसरची ऊब. पूर्ण चार्ज झालेला कॅथोड इलेक्ट्रोलाइटला जाळत राहतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि इतर वायू होतात, आणि पाकीट बंद असल्यामुळे ते फुगतं. बॅटरीला उभं राहूनही थकवा येतो. नवीन टाकली की सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायचा पर्याय बहुतेक लॅपटॉपमध्ये असतो, तो चालू करा. आणि जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यांच्या केंद्रावर किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रावरच द्या.

प्रश्न : बेटा, नातू सांगतो मोबाइल अधूनमधून करायचा चार्ज, पण आम्हाला दुकानदाराने सांगितलेलं की पहिल्यांदा आठ तास लावायचा आणि नंतर पूर्ण शून्य झाल्याशिवाय चार्ज करायचा नाही. कोण बरोबर?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : नातू बरोबर आहे आजोबा. दुकानदाराचा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा होता आणि त्या बॅटरीला तो लागूही होता, म्हणून तुम्ही जे पाळलंत ते त्या काळी शहाणपणाचंच होतं. आताच्या बॅटरीला थोडं थोडं खाणं मानवतं, ३० ला लावा, ८० ला काढा, आणि उशीखाली ठेवून चार्ज मात्र करू नका.

प्रश्न : सगळे म्हणतात एलएफपी बॅटरी जास्त टिकते. मग सगळ्या गाड्यांत तीच का टाकत नाहीत? आणि तिचा कॅथोड भेगाळत नाही का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एलएफपी म्हणजे लिथियम, लोह आणि फॉस्फेट. १९९७ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनहून हा कॅथोड जगापुढे आला, शोधनिबंधावर गुडइनफ यांच्या आधी अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन आपल्याकडची नावं आहेत, आणि ती आपल्याच लोकांना माहीत नसतात याची मला खरंच खंत वाटते.

टिकण्याचं कारण फॉस्फरसमध्ये आहे. एनएमसीमध्ये ऑक्सिजन धातूला धरून असतो आणि लिथियम निघाल्यावर ती पकड सैल होते. एलएफपीत प्रत्येक ऑक्सिजनला फॉस्फरसने घट्ट धरून ठेवलेलं असतं, लिथियम सगळं जरी काढलं तरी ऑक्सिजन सुटत नाही. म्हणून कातडी बिघडत नाही, वायू फारसा होत नाही आणि आग लागायची भीतीही बरीच कमी. आकसणं फुगणं मात्र इथेही आहे, साधारण साडेसहा-सात टक्क्यांचं, पण कण फार बारीक असतात आणि वर कार्बनचा लेप असतो, लहान कणाला ताण पेलतो. मातीच्या ढेकळाला भेग पडते, वाळूच्या कणाला काय पडणार, तसं समजा.

मग सगळीकडे का नाही, तर व्होल्टेज कमी. एनएमसी साधारण ३.७ ला चालते, एलएफपी ३.२-३.३ च्या आसपास, त्यामुळे तेवढ्याच रेंजसाठी वजन जास्त लागतं आणि जागाही. स्कूटरच्या सीटखाली जागा मोजकी. कारमध्ये, रिक्षात, घरच्या इन्व्हर्टरला मात्र मी डोळे झाकून एलएफपी घ्या म्हणेन. एक लक्षात ठेवा, एलएफपीचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं, किती भरलीय ते गाडीच्या बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला, मधल्या पट्ट्यात कळत नाही, म्हणून कंपन्या अधूनमधून १०० टक्के करायला सांगतात, ते त्या मोजणीसाठी असतं. ते कॅथोडचं टॉनिक नाही, ते झालं की भरलेल्या गाडीला उन्हात आठवडाभर उभी करू नका.

प्रश्न : आम्ही कॅल्गरीला राहतो, इथे हिवाळ्यात उणे २५. उष्णता वाईट म्हणजे आमची गाडी अमर का?
– एक वाचिका, कॅनडा

उत्तर : उभ्या गाडीचा कॅथोड तुमच्याकडे खरंच सुखात आहे. पण गारठलेल्या बॅटरीला जोरात चार्ज केलं तर लिथियम ग्राफाइटच्या आत शिरायच्या ऐवजी वरच धातू म्हणून साचतं, ते फार वाईट. गाडीत बॅटरी आधी गरम करण्याची सोय असते ती बंद ठेवू नका, आणि घरी आल्या आल्या, पॅक अजून उबदार असतानाच चार्जिंगला लावा.

प्रश्न : मॅडम, मी बी. एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्री. हे भेगाळणं थांबवायला शास्त्रज्ञ काय करतायत? आणि खराब झालेला कॅथोड परत नीट करता येतो का? मला यात पुढे काम करायचंय.
– एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : तुझं पत्र वाचून फार आनंद झाला, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलं, सावकाश लिहिता यावं म्हणून.

वरचं यवतमाळचं उत्तर वाचलंस तर उपाय तुला स्वतःलाच सुचतील बघ. कातडी बिघडते ना, मग कातडीला लेप द्या, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा. निकेल जागा सोडून सरकतं ना, मग रचनेत थोडं ॲल्युमिनियम, झिर्कोनियम, टिटॅनियम असं काहीतरी मिसळा जे जागचं हलत नाही. सोलच्या हानयांग विद्यापीठात यांग-कुक सन यांच्या गटाने तर गोळ्याच्या गाभ्यात निकेल जास्त आणि बाहेर येत येत कमी अशी उतरती रचना केली, म्हणजे क्षमता आतून मिळते आणि इलेक्ट्रोलाइटला तोंड द्यायला बाहेर शांत माल.

पण मला सगळ्यात आवडलेला उपाय सरळ आहे. लाडू फुटतो कारण तो लाडू आहे, मग लाडू वळूच नका, एकच अखंड स्फटिक वापरा, खडीसाखरेसारखा. सांधेच नाहीत तर सुटणार काय! कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने २०१९ मध्ये असे एकस्फटिकी एनएमसीचे सेल आणि त्यांचे आकडे प्रसिद्ध केले आणि म्हटलं की अशी बॅटरी गाडीला १० लाख मैल, म्हणजे १६ लाख किलोमीटर पुरेल. त्यातला एक सेल त्यांनी सहा वर्षांहून जास्त काळ अखंड चालवला, २०,००० च्या वर सायकल झाल्यावर त्याची क्षमता ८० टक्क्यांवर आली, मग सॅस्काटूनच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे फार प्रखर क्ष-किरण देणाऱ्या प्रचंड यंत्रात, क्ष-किरणांनी आत बघितलं तर कॅथोडमध्ये भेगा जवळपास नाहीतच. नेहमीच्या लाडू पद्धतीच्या सेलशी तुलना करून बघितली, तर तो अडीच हजारच्या आसपास सायकलमध्येच भेगांनी भरलेला होता. हे वाचलं त्या दिवशी मी लॅबमध्ये सगळ्यांना ओढून ओढून ती चित्रं दाखवत होते. मोठे स्फटिक बनवायला भट्टी जास्त तापवावी लागते, आणि निकेल जास्त असेल तर तेवढ्या तापात लिथियम उडून जातं आणि निकेल त्याच्या जागी जाऊन बसतं, म्हणजे बनवतानाच म्हातारपण, ही अडचण अजून पूर्ण सुटलेली नाहीये, तुझ्यासारख्यांना इथे भरपूर काम आहे.

नीट करता येतो का, हो, येतो. सध्या बहुतेक ठिकाणी बॅटरी भरडून तिची काळी पूड करतात, ब्लॅक मास म्हणतात तिला, आणि ॲसिडमध्ये विरघळवून निकेल-कोबाल्ट वेगळं काढतात, म्हणजे घराला तडा गेला म्हणून घर पाडून विटा विकायच्या. दुसरी वाट अशी की कॅथोडची पूड तशीच ठेवून तिच्यात गेलेलं लिथियम परत भरायचं, लिथियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बंद भांड्यात तापवून, आणि मग एनएमसी असेल तर ऑक्सिजनच्या झोतात भट्टीत भाजून ती मिठासारखी झालेली कातडी पुन्हा पदरांची करायची. एलएफपीला हे आणखी सोपं जातं, कारण त्याचा सांगाडा धड असतो, बहुतेक वेळा फक्त लिथियमच हरवलेलं असतं.

आणि आत्ता करायला एक प्रयोग देते, सरांना विचारूनच कर. चांगल्या कंपनीचे एकाच बॅचचे चार १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, नळीसारखे लिथियम-आयन सेल) घे आणि कपॅसिटी मोजणारा साधा टेस्टर. चारही सेलची क्षमता मोजून लिहून ठेव. मग दोन सेल पूर्ण भरून आणि दोन निम्मे भरून, टोकांना टेप लावून, एकाच पत्र्याच्या डब्यात एकाच कपाटात ठेव, जळगावचा उन्हाळा पुरेसा आहे, मुद्दाम कुठे तापवायचे नाहीत. मार्च ते ऑगस्ट हात लावू नकोस, डब्यावर तारीख टाक. सप्टेंबरमध्ये चारही परत मोज, पण मोजताना आधी एकदा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज करून मग दुसऱ्या वेळचा आकडा धर, नाहीतर नुसती आपोआप उतरलेली वीज नुकसान म्हणून मोजली जाईल. फरक थोडाच असेल, त्यामुळे प्रत्येक सेल तीनदा मोज. आकडे मला पाठव, फरक दिसला नाही तरी पाठव.